टिलरच्या चाकात बसलेली कोंबडी

नंदाखालला आमच्या घरी वर्षातून दोनदा चाकं बदलायची. पाऊस लागला की बाबा पॉवर टिलरची रबरी चाकं काढून लोखंडी चढवायचे. ती पिंजऱ्यासारखी दिसत. भाताच्या चिखलात रबर नुसतं जागच्या जागी गरगरतं, लोखंड चिखल कापत पुढे जातं. लावणी आटोपली की लोखंडी उतरवून पुन्हा रबरी, आणि मागे ट्रॉली जोडून केळी-नारळ घेऊन बाबांची स्वारी आगाशीच्या बाजारात.

मधले दिवस रबरी चाकं गोठ्याच्या पडवीत एकावर एक आडवी पडलेली असत. श्रावणात आमच्याकडे अंडं शिजत नाही, पण कोंबड्यांना श्रावण कोण सांगणार? त्या घालतच राहतात. त्या वर्षी आमची ठिपकेदार कोंबडी खुडूक झाली आणि तिने बसायला जागा कुठली शोधावी, तर वरच्या चाकाचा मधला खळगा. आईने कौतुकाने खाली पेंढा घातला आणि साठलेली अंडीही सरकवली. लावणी केव्हाच संपली होती. बाबा मात्र रोज म्हणत, "बदलू की उद्या."

आणि नेमक्या त्याच दिवसांत एका रविवारी मला बघायला येणार होते.

बघायला म्हणजे काय, मुलाला मी दोन वर्षं बघतच होते. अंधेरीला एकाच ऑफिसात होतो आम्ही. त्याच्याशीच लग्न करायचं हे माझं ठरलेलं होतं. अडलं होतं त्याच्या आईपाशी. जन्म गिरगावातला, संसार बोरिवलीतला. "खेड्यातली मुलगी, चिखलातलं घर," एवढं बोलून त्या गप्प बसत. शेवटी एकदा घर बघून सांगते म्हणाल्या. त्यांचं हो किंवा नाही त्या दिवशी ठरायचं होतं.

पाऊस आदल्या दिवसापासून कोसळत होता. सकाळी आगाशीहून मुलाचा फोन आला. रस्त्यावर गुडघाभर पाणी, रिक्षावाले नाही म्हणतात, आम्ही नाक्यावर उभे आहोत. त्या पाण्यातून माणसं आणायला एकच वाहन होतं आणि त्याला लोखंडी चाकं होती. त्यात भर म्हणजे डांबर उखडतं म्हणून लोखंडी चाकांचा टिलर डांबरी रस्त्यावर आणायचा नाही, असा गावाचा ठराव होता. ग्रामसभेत टेबलावर मूठ आपटून तो मांडणारे होते आमचे बाबा.

"कोंबडी उचला आणि चाकं लावा," मी म्हटलं.

"दिवसाढवळ्या हलवलीस तं ती परत बसायची नाही," आई म्हणाली. "अंडी गार पडतील. आठवड्यात पिल्लं निघायचीत."

"इथे माझं लग्न गार पडतंय!"

आई ढिम्म हलली नाही. मग मीच पडवीत गेले आणि दोन्ही हातांनी कोंबडी धरायला वाकले. तिने माझ्या बोटाचा असा काही लचका तोडला की मी गोठाभर नाचले. आईने वाटीत हळद कालवून बोटावर थापली आणि वर म्हणाली, "बरं झालं."

बाबांनी मग डोकं चालवलं. लोखंडी चाकांना गोणपाट गुंडाळलं, वरून काथ्याची दोरी आवळली. टिलर घागरा घालून उभा राहिल्यासारखा दिसायला लागला. ट्रॉलीत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बाबा निघाले. मी नवी साडी नेसून देवापुढे बसले. देवाला काय सांगावं तेही सुचेना.

पुढची हकिकत मला नवऱ्याकडून कळली. परतीच्या वाटेत एका चाकाचं गोणपाट सुटलं. दोरी तुटली होती. ओट्यावरून एक शेजारी ओरडला, "दादा, ठराव तुमचाच ना?" बाबांनी टिलर जागेवर थांबवला, पाण्यात उतरले आणि मागे वळून म्हणाले, "पट्टा हाय का कोनाकडं?" होणाऱ्या जावयाने मुकाट्याने कमरेचा पट्टा काढून दिला. आणि ज्या बाईंचा मला इतका धाक, त्या बाबांच्या डोक्यावर छत्री धरून ट्रॉलीतून ओणव्या झाल्या होत्या.

दारात टिलर थांबला तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. मुलगा एका हाताने पँट सावरत उतरला. मागून त्याची आई उतरली, रेशमी साडी पोटऱ्यांपर्यंत भिजलेली, चेहरा दगडी. संपलं सगळं, मी मनात म्हटलं. मला कोंबडीचा, आईचा आणि श्रावणाचाही राग आला.

"चाकं का नाही बदललीत?" त्यांनी आत येतायेताच विचारलं.

आता बाबांनी काहीतरी बरं कारण सांगावं ना! पण नाही. "त्यात कोंबडी बसलीय, ताई," बाबा म्हणाले.

"कोंबडी?"

"अंड्यांवर. तिकडे पडवीत."

"कोंबडीसाठी तुम्ही आम्हाला असं आणलंत?" असं म्हणून त्या पडवीकडे चालू लागल्या. अडवायची कोणाची हिंमत झाली नाही. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तर खोलीत मुलगा एकटाच, पँट धरून बसलेला. तेवढ्यात पडवीतून आरोळी आली, "अगं बाई गं!"

आम्ही सगळे धावलो. त्या चाकापाशी उभ्या होत्या, बोट तोंडात घालून. गिरगावात कोंबडी जवळून बघायला मिळालीच नव्हती, म्हणून जरा पिसांखाली बोट घालून अंडी दिसतात का बघत होत्या. कोंबडी पिसं फुगवून आमच्या सगळ्यांकडे रागाने पाहत होती.

आईने सकाळचीच हळदीची वाटी पुढे केली. त्यांनी बोट पुढे धरलं आणि तेव्हा त्यांची नजर माझ्या बोटाकडे गेली. पिवळं धमक.

"तुलाही?"

"सकाळी. तुम्ही यायच्या आत मी तिला उठवायला गेले होते."

त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. डोळे पुसत त्यांनी मुलाला म्हटलं, "माझ्यासारखीच आहे रे ही, घायकुती! तुझं कठीण आहे."

मग आईकडे वळून म्हणाल्या, "पिल्लं निघाली की चाकं बदला. आणि मग तारीख काढायला बोरिवलीला या. पण येताना त्यांचा हा टिलर नको."

लग्नात रीतीप्रमाणे नवऱ्याची उष्टी हळद माझ्याकडे आली. पण आमच्या घरात पहिली उष्टी हळद लागली ती सासूबाईंना, आणि ती माझी होती.