अक्काच्या नावाचा हंडा

मंगल, हा पेपर हातात घेऊन जरा बस. आधी थोडं बोलून घेते. तुझी आई गेल्याला महिना होत आला, तुझा फोन आला एकदाच, आणि विचारलंस काय, तर "काकू, आईचा हंडा तुमच्याकडंच हाय का?" मीही शहाणी, "हाय" एवढंच बोलून फोन ठेवला. चुकलंच माझं. पेपरवाले म्हणाले, जावेबद्दल चार ओळी लिहा. म्हटलं, मग सगळ्यांसमोरच सांगते तो माझ्याकडं आला कसा.

तुझी आई माझी थोरली जाऊ. आम्ही तिला अक्का म्हणायचो, ती मला कमळी. उदगीरच्या घरात मी सून म्हणून आले तेव्हा ती दुपारची मठात वेदान्त ऐकायला जायची. शाळेचं तोंड बघितलेलं नाही, आणि वेदान्त... मला हसू यायचं. एकदा विचारलं, "अक्का, काय सांगतात हो तिथं?" तर म्हणाली, "भाजीत मीठ जास्त झालं, सासूबाई बोलल्या, की आत कोण तडफडतंय ते बघायचं. बघत राहिलं की ते गप होतंय." मी म्हटलं, "आणि मीठ?" "मीठ कमी घालायचं की गं येडे. त्याला वेदान्त कशाला लागतोय?"

पुढं लातूर जिल्हा नवा झाला आणि ह्यांची बदली तिथल्या कचेरीत झाली. नेमका दुष्काळ. तिकडून निरोप आला, गल्लीत टँकर येतो, पण घरटी एकच भांडं भरून मिळतं. माझी दोन लेकरं लहान. घरात मोठा म्हणावा असा एकच तांब्याचा हंडा, अक्काच्या माहेरचा, गळ्याशी तिचं नाव ठोकलेलं. मागायला तोंड होईना... मी तो गोधड्यांच्या गाठोड्यात गुपचूप बांधला.

सकाळी निघताना गाठोडं उचलायला अक्काच वाकली. हाताला काठ लागला असणार. थांबली. मग तिनं गाठ सोडली, एक गोधडी हंड्याच्या पोटात कोंबली आणि पुन्हा आवळून बांधली. "यष्टीत आदळून पोचा पडंल," एवढंच बोलली.

मागून कळलं, त्या उन्हाळ्यात ती दोन घागरी घेऊन किल्ल्याकडच्या विहिरीला खेपा घालत होती.

पाऊसपाणी झाल्यावर मी हंडा घेऊन उदगीरला गेले. उंबऱ्यात ठेवला आणि रडले. "अक्का, चोरला मी." ती ज्वारी पाखडत होती, सूप थांबलं नाही. "ठावं हाय की. लई राग आलता गं. माझा हंडा, माझ्या बापानं दिलेला. मग बघितलं, हे माझं माझं बसलंय कुठं? हंड्यात तर न्हाई. माझ्यातच ठाण मांडून बसलंय. म्हटलं, हंडा जाऊ दे कमळीसंगं, ह्याच्याकडं मी बघते."

"मग आता ठेवून घ्या."

"तुझी गरज सरली का?"

"न्हाई."

"मग इथं काय करायलीस? ने की."

पुढं मी एकेक अक्षर लावत पोथ्या वाचायला शिकले. पण त्या गाठीवरून फिरलेले तिचे हात आठवले की अजून अंगावर काटा येतो. शाबासकी देणारं कुणी नाही, समोर चोर उभी, आणि बाई इतकी मोकळी... मी तर त्या हातांपुढं नुसती बघतच राहिले, आजवर.

तर मंगल, तू फोनवर विचारलंस आणि माझ्यातलंही माझं माझं जागं झालं. या वयात. हंडा माझ्या दाराशी तिवईवर असतो, येणाऱ्याजाणाऱ्याला त्यातलंच पाणी देते. फोन ठेवून त्याच्यासमोर बसले. म्हटलं बघू, कोण कळवळतंय ते. गप व्हायला त्याला तीन दिवस लागले. अक्काला एक गाठ सोडून बांधण्यापुरता वेळ लागला होता.

आज चिंच लावून हंडा घासलाय. तिचं नाव लख्ख दिसतंय. पोटात कोंबायला एक गोधडीही काढून ठेवली आहे. लौकर ये आणि ने. पण आल्या पावली निघायचं नाही, दोन दिवस राहायच्या बेतानं ये.