महाराजांचा पाट

अमरावतीच्या आमच्या मावसाजींइतकी महाराजांची वाट अख्ख्या वऱ्हाडात कुणी पाहत नसेल. महाराज एक दिवस परत येणारच, आणि रायगडावरून निघाले की पहिला मुक्काम अमरावतीत, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. राजकमल चौकातल्या गर्दीत घोडा बुजेल म्हणून रस्ताही बदलून झालाय. आधी अंबादेवीचं दर्शन, मग गिला वडा. तिखट कमी सांगावं लागेल, असं मी एकदा बोलून गेलो. "महाराजायले तिखट कमी? पुण्यात राहून पार बिघडला बे तू," म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

सणावारी पहिल्या पंगतीत एक पाट महाराजांचा. भोवती रांगोळी, पुढे वाढलेलं ताट. त्यावर बसायची कुणाची बिशाद नाही. धोंड्याच्या महिन्यात नवा जावई चुकून टेकला, तर भरल्या पंगतीतून उठवून त्याला खुर्ची दिली. बिचारा गुडघ्यावर ताट घेऊन जेवला.

याच पायी सख्ख्या भावाशी बिनसलं. अकोल्याचे दादा दिवाळीत आपल्या घरी जेवताना म्हणाले, "महाराज पयले अकोल्याले येतीन. आमच्याकडं किल्ला हाय. तुमच्याकडं काय हाय, परकोटाची भिंत?" मावसाजी भरल्या ताटावरून उठले ते थेट बसस्टँडवर. तेव्हापासून बोलणं बंद. पण दारात ऑटो थांबला की हे आधी बाहेर.

"महाराज ऑटोनं येतेत का?" मावशी मला हळूच म्हणाली. "कोनाची वाट पाहून राह्यले, मले समजत नाई का?"

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला पंगत बसली, आणि दादा दारात. न बोलावता, हातात पिशवी, घामाघूम. सगळे पाट भरलेले, रिकामा एकच. मावशी खुर्ची आणायला वळली.

"खुर्ची कायले? बसा दादा," मावसाजी पाटाकडे हात करून म्हणाले.

दादा रांगोळीपाशीच थबकले. "अन् महाराज आले तं?"

"आपुन दोघं उभे राहू."

दादा बसले. मावसाजींनी पुरणपोळीवर तूप सोडलं, सोडतच राहिले. वाटी रिकामी झाली तरी हात मागे येईना, आणि दादाही पुरे म्हणेनात. इतकी वर्षं मी मावसाजींची टिंगल केली. त्या दुपारी मात्र फार वाटलं, महाराज आज खरंच यायला हवे होते. निदान एवढं पाहायला.