इस्तीर कुणाची?

नाईलकाठच्या आमच्या गावात बिसादाने एकतीस वर्षं आमच्या ऑर्थोडॉक्स चर्चची पवित्र भाकर भाजली. उपाशीपोटी, स्तोत्रं म्हणत पीठ मळायचं, वर क्रुसाचा ठसा उठवायचा. त्या भट्टीच्या खोलीत बाईने पाऊल टाकायचं नाही, असा दंडक.

पण सहा वर्षांपूर्वी सांधेदुखीने त्याची बोटं वाकडी झाली, आणि त्याची बायको इस्तीर घरीच पीठ मळू लागली. मळायचं तिनं, परात झाकून न्यायची त्यानं. तिला मात्र त्यातला घास कधी मिळाला नाही. इस्तीर माहेरची प्रोटेस्टंट. लग्नानंतर चाळीस वर्षं ह्याच चर्चमध्ये उभी राहिली, पण त्या घासासाठी पुन्हा बाप्तिस्मा? छे! "एकदा भिजलेय मी. देव काय विसरभोळा आहे?"

एका रविवारी पहाटे तिनं पीठ मळलं, आणि उपासना संपायच्या आत बाई गेलीसुद्धा.

बिसादा रडतच अबुना मिसाईलांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे गेला. एकच मागणं, तिची शेवटची प्रार्थना वेदीपुढे व्हावी.

"बिसादाकाका, वाईट वाटतं हो, पण तिचा बाप्तिस्मा पाखंड्यांचा. प्रोटेस्टंटांच्या पास्टरना विचारा."

पास्टर वहीब म्हणाले, "चाळीस वर्षं तुमच्या संतांच्या तसबिरींचे मुके घेतले तिनं, काका. ती आमची कुठली?"

आणि दोघांच्याही दारावर फलक काय, तर 'ख्रिस्ती ऐक्य सप्ताह'! लाज कशी वाटत नाही म्हणते मी.

बिसादा परत आला आणि आमच्या चर्चच्या भरल्या अंगणात ओरडला, "अबुना, आज तुम्ही उचललीत ती भाकर तिच्या हातची होती! सहा वर्षं तीच मळतेय. आता तरी दार उघडा!"

त्याला वाटलं, आता विरघळतील. शेजारची उम्म सिधुम आतापर्यंत इस्तीरसाठी ऊर बडवत होती. तिनं पदराने तोंड पुसलं, खरकटं पुसावं तसं. अबुना पांढरेफटक पडले. मग हात पुढे करून त्यांनी भट्टीच्या खोलीची किल्ली मागितली.

बिसादाने किल्ली दिली. इस्तीरच्या कबरीवर प्रार्थना त्यानं एकट्यानंच म्हटली.

गुरुवारी ऐक्याच्या सभेत अबुना आणि पास्टर गळ्यात गळे घालून उभे. लोक टाळ्या वाजवतायत. मागून बिसादा उठला. "टाळ्या कसल्या वाजवता? यांची एकी रविवारीच झाली! 'इस्तीर आमची नाही' असं दोघं एका सुरात बोलले!"

दोन माणसांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. एक आमचा होता, एक त्यांचा.