सोड म्हणेपर्यंत

दिघोरीच्या तेजराम दोनाडकरच्या मुठीची पहिली तक्रार त्याच्या लग्नात झाली. लग्न लागल्यावर नवरा-नवरीचा सुपारीचा खेळ असतो. नवरदेवानं सुपारी मुठीत धरायची, नवरीनं दोन्ही हातांनी मूठ उघडायची. नवरदेव जरा ताणून धरतो, बायांना हसू देतो आणि हळूच बोटं सैल करतो, अशी रीत. पण ही दुसरी अर्धी रीत तेजरामला कुणी सांगितलीच नव्हती. सुपारी धर म्हणाले, त्यानं धरली. सत्यभामानं ओढून पाहिलं, नखं रोवून पाहिली. मग तिच्या दोन मावश्या लागल्या, त्यातल्या एकीच्या चार बांगड्या फुटल्या. शेवटी तिचा मामा बाह्या सारून पुढे झाला आणि घाम पुसत मागे गेला. तेजराम आपला पाटावर शांत. एवढा गोंधळ कशाचा चाललाय, हे त्याच्या गावीही नव्हतं. मग सत्यभामा वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, "सोडा न जी आता." मूठ लगेच उघडली. तळहातावर सुपारीचा खड्डा पडला होता, तो आठ दिवस गेला नाही.

आता तुम्हाला वाटेल, हा कुणी दांडगा पैलवान असेल. कशाचा पैलवान! अंगानं काडी, उंची बेताची, शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा. फक्त मनगटापासून पुढे देवानं दुसऱ्याच कुणाचा माल लावून दिला होता. लहानपणी पोरं कवठ दगडावर आपटत, हा ते मुठीत दाबून फोडायचा आणि वर अर्धं मागायचा. व्यायाम म्हणाल तर जन्मात केला नाही. विचारलं की म्हणायचा, "हात हायेत, त्याईले काय शिकवाचं?"

या हातांना नोकरी मात्र त्यांच्या तोलामोलाची मिळाली. हातपंप दुरुस्तीच्या पथकात तेजराम बावीस वर्षं होता. काम वरवर पाहिलं तर सोपं. बोरमध्ये खोलवर लोखंडी पाईप लोंबकळत असतात, दहा फुटांचा एकेक, एकाला एक आट्यांनी जोडलेला. पंप बिघडला की अख्खी माळ वर ओढायची. एक पाईप बाहेर आला की खालच्याला चाप लावायचा, वरचा खोलून बाजूला ठेवायचा, पुन्हा ओढायचं. खरी मेख चाप लागेपर्यंतची. तेवढ्या वेळात माळ निसटली तर ती सरळ बोरच्या बुडाला जाते, आणि मग त्या पंपाचं नाव घ्यायचं नाही. वरचे जड पाईप तीन पायांच्या लोखंडी घोडीला साखळी लावून निघत. शेवटचे सहा-सात उरले की तेजराम साखळी बाजूला सारून माळ हातांनीच धरायचा. खाली उकिडवे बसून चाप लावायचे ते भय्याजी.

भय्याजी त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, आणि घरही दोन दारं सोडून. दोघांमध्ये कामाचा एकच शब्द होता. चाप घट्ट बसला की भय्याजी म्हणायचे, "सोड." तो शब्द आला की तेजरामचे हात उघडायचे, नाहीतर नाही. पंपाभोवती माणसं जमली की ज्याला त्याला अक्कल येते. कुणी ओरडतो ओढा, कुणी उतरवा, कुणी उगाच सोडा-सोडा करतो. तेजरामनं पहिल्याच महिन्यात यावर उपाय काढला. पाईप धरला की तो डोळे मिटायचा आणि भय्याजींचा आवाज सोडून बाकी जगाला कान बंद करायचा. एकदा त्याच्या मानेवर गांधीलमाशी चावली. त्यानं आधी "सोड" ऐकलं, मग मान चोळली.

आणि मग मागच्या वर्षीच्या मे महिन्यात, तलावाकडच्या मोहल्ल्यात, मंदाबाईच्या चहाच्या टपरीसमोरच्या पंपावर, माळ गेली.

सहा पाईप राहिले होते. तेजरामनं धरलं होतं, डोळे मिटले होते. "सोड" आलं, त्यानं सोडलं, आणि खालून असा आवाज आला की टपरीवरच्या बरण्या हलल्या. भय्याजी मागे कोलमडले होते, चाप उघडाच होता. दोन दिवस गळ टाकून पाहिलं, काही हाती लागलं नाही. साहेबानं विचारलं, कसं झालं. भय्याजी म्हणाले, "तेजरामचा हात निसटला."

तेजराम त्यांच्याकडे वळला. "तुमी सोड म्हनलं न."

"मी म्हनलोच नाही."

झालं. बावीस वर्षांचा चहा त्या एका वाक्यावर संपला. पुढचे सहा महिने, नवा बोर होईपर्यंत, त्या मोहल्ल्यातल्या बाया पार बसस्टॉपच्या पलीकडून पाणी आणत राहिल्या आणि येता-जाता तेजरामच्या नावानं बोटं मोडत राहिल्या. मंदाबाईनं तर भर रस्त्यात सुनावलं, "त्या हाताले किडे पडतीन तुया." भय्याजी ऑगस्टमध्ये रिटायर झाले. दोघांच्या बायका मात्र जशाच्या तशा. भय्याजींच्या बेबीबाई दारात येऊन वाटीभर लाखोळीची भाजी द्यायच्या, सत्यभामा वाटी रिकामी कशी द्यावी म्हणून त्यात काहीतरी घालून परत करायची. नवरे भांडले म्हणून वाट्या कशाला अडवायच्या?

तेजरामला राग होता, पण खरं दुखणं रागाचं नव्हतं. दिवस जाऊ लागले तसा त्याचा स्वतःवरचाच विश्वास डळमळला. भय्याजी उभ्या जन्मात खोटं बोलले नव्हते. मग शब्द आला होता का खरंच? की पन्नाशीला हातच गेला आणि मनानं आपलं समाधान करून घेतलं? माणसाकडे अभिमानाची एकच चीज असावी आणि तीच आहे की नाही हे कळू नये, यासारखा छळ नाही. तो अंगणात पाण्यानं भरलेले दोन पितळी गुंड दोन हातांत लोंबकळत धरून आकडे मोजत उभा राहायचा. सत्यभामा दारातून म्हणायची, "काहून उभे राहून गेले जी तिथं? पाणी घरात आना न." गुंड कितीही वेळ धरले तरी त्याची खात्री पटेना. गुंड काही पाईप नव्हे.

यंदाची दिवाळी झाली आणि दिघोरीची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, जवळ आली. त्याआधी चार दिवस पवनीचा अंकुश नावाचा एक जवान पोरगा जाहिरातीचे कागद घेऊन पानठेल्यावर आला. त्याची पवनीत व्यायामशाळा होती आणि त्याला एकाच गोष्टीचं वेड होतं, पकड. खिशातून त्यानं स्प्रिंग लावलेला लोखंडी चिमटा काढला आणि ठेल्यावर फिरवला. हा पुरा दाबला तर पान माझ्याकडून, म्हणाला. चार-पाच जणांनी दात-ओठ खाऊन पाहिलं. चिमटा फिरत फिरत तेजरामकडे आला. त्यानं दाबला, चिमट्याच्या दोन्ही दांड्या टक्कन एकमेकींना लागल्या, आणि तो परत करत म्हणाला, "स्प्रिंग ढिल्ली झाली तुयी. बदलवून घे."

अंकुशनं तो दाबायला आठ महिने घालवले होते. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग तो बोलायला लागला तो थांबेचना. पकडीचा खेळ असतो, हाताला खडू लावतात, जाड दांडा धरून वेळ मोजतात, बोटांची एकेक करून मेहनत घेतात. तेजरामनं सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "कायले?" अंकुशनं जाहिरातीचा कागद पुढे केला. तो म्हणाला, "काका, मंडईत स्पर्धा ठेवली आहे. जाड पाईप धरायचा, ऐंशी किलो. तुम्ही याच."

पाईप हा शब्द ऐकला आणि तेजरामनं पान न खाताच हो म्हटलं.

मंडईच्या दुपारी दिघोरी फुलली होती. पाळणे, भज्यांच्या कढया, पोंगे, रात्रीच्या नाटकाचा माईकवरून गजर. मंदाबाईनं आपली टपरी उचलून तिथंच आणली होती. स्पर्धेच्या जागी तेजराम गेला आणि दांडा पाहून त्याला हसू आलं. अंकुशनं वेल्डरकडून जुन्या हातपंपाचाच सव्वा इंची पाईप कापून आणला होता, आणि दोन्ही टोकांना वजनं लावली होती. उचलून मांडीपर्यंत आणायचा आणि धरून उभं राहायचं. जमिनीला टेकला की वेळ संपली. पवनीचा एक दंडवाला गडी एक मिनिट बारा सेकंद राहिला होता. त्याच्या पुढे कुणी गेलं नव्हतं.

गर्दीत कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं म्हणालं, "हा तं सोडते लेका, बोर खाली आहे का पाहा." लोक हसले. मागे बाकावर बेबीबाईंशेजारी भय्याजी बसले होते. ते हसले नाहीत, खाली पाहत राहिले.

तेजरामनं खडू लावला नाही. वाकला, पाईप धरला, उभा राहिला आणि डोळे मिटले. तिथंच घोटाळा झाला.

एक मिनिट बारा झाले तेव्हा टाळ्या पडल्या. दीड मिनिट झालं तेव्हा पवनीच्या गड्यानं स्वतः येऊन वजनं तपासली. दोन मिनिटांना अंकुशनं शिट्टी मारली, "काका, जिंकलात, ठेवा आता." काका ठेवेना. माईकवाल्यानं सांगितलं, "तेजरामजी दोनाडकर विजयी झालेले आहेत, त्यांनी कृपया पाईप खाली ठेवावा." कृपयाचाही उपयोग झाला नाही. तेजरामच्या बंद डोळ्यांमागे मंडई नव्हतीच. तिथं सहा पाईप होते आणि खाली अंधारा बोर होता, आणि या वेळी तो काही झालं तरी शब्दाआधी सोडणार नव्हता.

अडीच मिनिटं. त्याचे पाय थरथरू लागले, नखं पांढरी पडली. सत्यभामा घाबरून पुढे आली आणि कानाशी म्हणाली, "सोडा न जी." सुपारीला चाललं होतं ते पाईपला चाललं नाही. अंकुशनं हात लावून बोटं उकलायचा प्रयत्न केला, तर करंगळीसुद्धा हलेना. लोकांचं हसणं थांबलं. हा माणूस पडेल आता, असं जो तो म्हणू लागला.

तेव्हा भय्याजी बाकावरून उठले. गर्दी बाजूला सारत आले, धोतर आवरून त्या पाईपसमोर उकिडवे बसले, जसे बावीस वर्षं बसत आले होते तसे. आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "सोड."

हात उघडले. पाईप धाडकन जमिनीवर पडला, आणि तेजरामनं डोळे उघडले.

आता तिथं शे-दोनशे माणसं होती आणि सगळ्यांना एकाच वेळी समजलं. शिट्टीनं नाही, माईकनं नाही, बायकोनं नाही, या माणसाचा हात एकाच शब्दानं उघडतो. भय्याजींना तर ते उठतानाच माहीत होतं. ते बसल्या जागेवरूनच बोलले.

"त्या दिवशीबी मीच म्हनलो होतो. चाप बसला नव्हता. मंदाबाई चाय घेऊन येऊन राहिली होती, माहं ध्यान तिकडं गेलं अन् रोजच्यासारखा शब्द निघून गेला. रिटायरले तीन महिने होते. साहेबानं विचारलं तं तोंडातून याचंच नाव निघालं. मंग ते गिळता नाही आलं मले."

तेजराम म्हणाला, "मले वाटलं, माहा हातच गेला." एवढं बोलून त्याला रडू कोसळलं. दीड वर्षाचं होतं ते. डोळे पुसावे तर हात खांद्याच्या वर येईनात, म्हणून सत्यभामानं भर मंडईत आपल्या पदरानं पुसले. ती स्वतःही रडत होती आणि वरून त्यालाच रागावत होती की एवढा वेळ कोणी धरते का.

"मंग आता माहे किडे कोनाले पाडू?" मंदाबाईनं टपरीवरून विचारलं.

"माह्या जिभेले पाड," भय्याजी म्हणाले.

"अन् चूक निघाली माह्या चायची. भल्लाच न्याय आहे बाप्पा." लोक पोट धरून हसले. बेबीबाईंना हसू आलं नव्हतं. त्या नवऱ्याजवळ येऊन हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, की उद्या सकाळी तलावाकडच्या मोहल्ल्यात जायचं आणि घरोघरी हे सांगायचं, मी सोबत येते. भय्याजींनी मान डोलावली.

अंकुश दोन मिनिटं एकोणपन्नास सेकंद असा आकडा कागदावर लिहून तो ज्याला त्याला दाखवत सुटला होता. त्यानं तेजरामला बक्षिसाचा चिमटा दिला, नव्या कडक स्प्रिंगचा. तेजरामला तो धरताच येईना, बोटं मिटतच नव्हती. सत्यभामानं चिमटा पिशवीत टाकला, भज्यांच्या पुडीवर.

मंदाबाईनं दोन चहा बाकावर आणून ठेवले आणि पैसे घेणार नाही म्हणून सांगितलं. दोघं शेजारी बसले. तेजरामनं कपाला हात लावला, कप बशीत खडखडला आणि कलंडता कलंडता राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कवठ फोडणाऱ्या हाताला चहाचा कप उचलेना, हे पाहून त्याला स्वतःचंच हसू आलं. भय्याजींनी कप घेतला, चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी त्याच्या तोंडाशी नेली.

तेजराम थांबला. "धरलं का नीट?"

"धरलं गा," भय्याजी म्हणाले. "पी."

तेजरामनं डोळे मिटले आणि बशीला तोंड लावलं.