हाडासकट

कागद कापायच्या यंत्रात बाइंडरबाईचा डावा हात मनगटाच्या वर गेला, तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. त्या छापखान्यात तिच्याइतकी सफाईदार पुस्तकबांधणी दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. जखम भरली, टाके निघाले. मग लोकांची माया सुरू झाली, आणि ती सोसणं तिला जास्त जड गेलं.

मालकाने तिला फोनपाशी बसवलं. घरी नवऱ्याची मोठी बहीण मदतीला म्हणून आली आणि राहिलीच. वन्सं मनाने वाईट नव्हत्या. उजाडायच्या आत उठून सगळं घर उरकायच्या. पण बाई स्वयंपाकघराच्या दारात दिसली रे दिसली की म्हणायच्या, "तू बस गं. काय कमी सोसलंस? मी आहे ना." सांडायला नको म्हणून चहाचा कप अर्धाच भरायच्या. ताटातल्या मांसाचे बारीक बारीक तुकडे करून द्यायच्या, दात न फुटलेल्या पोराला द्यावेत तसे. नवरा दिवसभर व्हॅनमधून सामान पोचवून दमून यायचा आणि दोघींच्या मध्ये पडायला नको म्हणून मान खाली घालून जेवायचा.

एकदा वन्सं सहज बोलून गेल्या, "आता काय, हातावर हात ठेवून बसायचे दिवस आले तुझे."

"तेवढंच जमायचं नाही वन्सं," बाई म्हणाली. "त्याला दोन लागतात."

नवऱ्याला ठसका लागला. वन्संचा चेहरा उतरला. बाईला मात्र खूप दिवसांनी बरं वाटलं.

नवऱ्याचा पन्नासावा वाढदिवस आला. वन्संनी जेवण बाहेरून मागवायचं ठरवलं होतं.

"मागवायचं नाही," बाई म्हणाली. "मी चॉप भाजणार आहे. फिटरसारखे."

फिटर म्हणजे त्यांच्या वरच्या खोलीत पूर्वी राहणारा एक जर्मन. यंत्रं बसवायच्या कामावर आला होता. रविवारी त्याच्या ओव्हनमधून असा वास सुटायचा की खालच्या माणसांना आपलं जेवण गोड लागायचं नाही. शेवटी बाई एक दिवस जिना चढून गेली आणि म्हणाली, शिकवा. दोघांची भाषा निराळी, पण डुकराचे चॉप, मोहरीची बरणी आणि काळी बिअर एवढं समोर असल्यावर भाषेवाचून काही अडलं नाही. फिटर आपल्या देशी परत गेला. बाई ते चॉप वर्षानुवर्षं करत राहिली, हात जाईपर्यंत.

"अगं, जड ट्रे, तापलेला ओव्हन..." वन्संनी कपाळाला हात लावला. "तुझ्यापुढे हात टेकले बाई मी."

"टेका. आणि टेकल्यावर तिथेच बसा."

मांस आणायला ती स्वतः गेली. खाटीक ओळखीचा. त्याने तिच्या रिकाम्या बाहीकडे पाहिलं आणि आवाज मऊ करून म्हणाला, "हाड काढून तुकडे करून देऊ का, ताई? सोपं पडेल."

"हाडासकट द्या. दोन बोटं जाड. चरबीची कड काढायची नाही."

घरी आल्यावर तिने नवऱ्याकडून कांदा कापायच्या लाकडी पाटात दोन खिळे खालून वर ठोकून घेतले. त्याने का म्हणून विचारलं नाही. खिळे ठोकले, टोकं बोटाने तपासली, पाट धुऊन तिच्यापुढे ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला. त्यामुळे वन्संना आत जायला वाट राहिली नाही.

बाईने खिळ्यांवर कांदा टोचून बसवला आणि एका हाताने कापला. सफरचंदाच्या फोडीही तशाच केल्या. मोहरीच्या पेस्टची बरणी गुडघ्यांत आवळून झाकण फिरवलं. चॉप आक्रसून वळू नयेत म्हणून त्यांच्या चरबीला चिरा दिल्या, मीठ, मिरी आणि भरडलेलं शहाजिरं चोळलं. लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी लालसर रंग आला, तेव्हा कांदा-सफरचंदाच्या थरावर ते मांडून ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. दुसऱ्या भांड्यात काळी बिअर, मध, मोहरी आणि थोडा व्हिनेगर आटवला. चमच्याला चिकटून राहील इतकं ते मिश्रण दाट झालं. हेच ग्लेझ. ते एकदा लावायचं, पुन्हा भाजायचं, परत लावायचं.

शेवटचा हात फिरवून, कडा काळपट होईपर्यंत भाजून ट्रे बाहेर काढायची वेळ आली. डाव्या हाताच्या थोटकाला तिने जाड टॉवेल गुंडाळला होता. उजव्या हाताने ट्रे धरला, खालून थोटकाचा आधार दिला. ट्रे निम्मा बाहेर आला आणि टॉवेल घसरला. तापलेली कड कातडीवर बसली. ट्रे कलला, एक चॉप घरंगळत जमिनीवर पडला.

वन्सं भावाला खुर्चीसकट बाजूला सारून आत धावल्या.

"हात लावू नका!"

आवाज असा होता की वन्सं जागच्या जागी थांबल्या. बाईने दात आवळून ट्रे ओट्यावर नेऊन ठेवला आणि मगच भाजलेला हात नळाखाली धरला.

"बघ! सांगत होते मी!" वन्संना रडू फुटलं. "एका हाताचं काम आहे का हे?"

"दोन होते तेव्हाही भाजायचं, वन्सं. तेव्हा कुणी मला खुर्चीत नेऊन बसवलं नव्हतं."

खाली पडलेला चॉप बाईने उचलला, धुतला, पुन्हा ग्लेझ माखून तव्यावर परतला. "हा माझा," ती म्हणाली.

टेबलावर अख्खे चॉप आले, काचेसारखे चकाकणारे. सवयीने वन्संची सुरी बाईच्या ताटाकडे वळली. बाईने ताट आपल्याकडे ओढलं, हाड मुठीत धरलं आणि दाताने मांस तोडलं. ग्लेझ हनुवटीवर ओघळलं. ते तिने पुसलंही नाही. नवऱ्याने क्षणभर पाहिलं, काटा-सुरी बाजूला ठेवली आणि आपलाही चॉप हातात उचलला.

"जमलेत," तो म्हणाला. "मोहरी जरा जास्त झालीय."

"झाली असेल." तिला तेवढ्यानेच भरून आलं. कितीतरी महिन्यांत तिच्या हातच्या कशालाही कुणी नावं ठेवली नव्हती.

वन्संनी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. दुसऱ्या दिवशी बॅग भरली. "माझं चुकलं असं तरी म्हण," त्या दारात थांबून म्हणाल्या.

"तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत, ते मी विसरणार नाही," बाई म्हणाली. "पण चुकले असं म्हणणार नाही. कारण चुकले नाही."

बरेच महिने दोघींचं बोलणं बंद होतं. आता वन्सं अधूनमधून येतात, पाहुण्यासारख्या चार दिवस राहतात. स्वयंपाकघराच्या दारात बसून गॅस बारीक कर, मीठ बेताचं घाल, अशा सूचना देतात. बाई सगळं ऐकून घेते आणि आपल्याच मनाचं करते. मग वन्सं रागावतात, बाई उलटून बोलते, आणि दोघी कडाकडा भांडतात, हात जायच्या आधी भांडायच्या तशा.