अस्की फाइली

चेन्नईत गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कंपनीत मराठी बोलणारे दोघंच. मी साताऱ्याहून आलेली, आणि आमचे मालक पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचे. त्यांची मराठी बखरीतली वाटायची, वर तमिळ हेल. निम्मं कळायचं नाही, पण मी सगळं कळल्यासारखी मान डोलवायचे. विचारायचा कमीपणा कोण घेणार!

आम्ही इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी संगणकाला जोडायची मोजमापाची कार्डं बनवायचो. त्यांचं सॉफ्टवेअर तीन वर्षं खपून मी एकटीनं लिहिलं होतं. एका प्राध्यापकांनी ते विद्यार्थ्यांना आतून दाखवायला मागितलं. मालक माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "अस्की फाइली बाहेर घालूं या. लायसन्स कोणचें, तें तूं बघ."

मी ऐकलं संगणकातलं 'आस्की', म्हणजे साध्या अक्षरांच्या, माणसाला वाचता येणाऱ्या फाइली. मला त्यांचं केवढं कौतुक वाटलं! आमचा कोड द्यायचा आणि कार्डावरची चिप चालवणारा ड्रायव्हर बंद ठेवायचा, हे त्यांनी एका शब्दात सांगितलं होतं. ड्रायव्हर आमचा नव्हताच. चिपवाल्या परदेशी कंपनीनं तो यंत्राच्या भाषेतला बंद गोळा म्हणून दिला होता. कार्डाबरोबर द्यायला परवानगी होती, पण त्याचा मूळ कोड आम्हीही पाहिला नव्हता.

मी आठवडाभर उघड्या कोडची लायसन्स वाचली. त्यातलं जीपीएल, घेणाऱ्यानंही पुढे कोड उघडाच ठेवावा असं बजावणारं, मला मनापासून आवडलं, पण त्याच्या अटीप्रमाणे जोडून दिलेल्या ड्रायव्हरचाही कोड द्यावा लागणार. बाकीची इतकी सैल, की कुणीही माझं काम उचलून स्वतःच्या डब्यात कुलूपबंद करून विकावं. ते मी होऊ देणार नव्हते. मग सापडलं की कोड ज्याचा, त्याला जीपीएलमध्ये जादा परवानगी जोडता येते. मी चार ओळी लिहिल्या: हा एक ड्रायव्हर बंद असला तरी जोडून वाटायला मुभा, बाकी सगळं कायम उघडं. त्या चार ओळी मी सात वेळा खोडून लिहिल्या.

कागद वाचून मालकांचा चेहरा पडला. "अस्की म्हणजे सगळें, गे! अस्की देतों म्हणून मी त्यांस सांगट्लों."

त्यांनी शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द फिरवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्याच दुपारी आम्ही रिक्षानं कॉलेज गाठलं.

मी प्राध्यापकांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. ड्रायव्हर बंद आहे, पण त्याच्याशी बोलणारा आमचा सगळा कोड उघडा आहे. मुलांना हवं तर ती स्वतःचा ड्रायव्हर लिहून त्याच जागी बसवतील. त्यांनी माझ्या चार ओळी दोनदा वाचल्या. "पोदुम," म्हणाले. पुरे आहे. मालकांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

मग प्राध्यापकांनी मालकांना तमिळमध्ये विचारलं, हे कुठल्या वकिलानं लिहून दिलं?

माझं तमिळ बाजारापुरतं, मालकांसमोर तर मी ते कधीच बोलत नसे. पण मालकांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "नान दान." मीच.