ओट्यावरची बिअर

आमच्या ह्यांनी आयुष्यात कधी चहा केला नाही आणि रिटायर झाल्यावर एकदम बिअर करायला घेतली.

मधलं काहीच नाही. पोहे नाहीत, खिचडी नाही, साधा पापड भाजणं नाही. पिथमपूरच्या कारखान्यात मशीनं सांभाळण्यात जन्म गेला, त्यामुळे घरात इकडची काडी तिकडे करायची नाही हा नियम त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत असले आणि शिट्ट्या व्हायला लागल्या की हॉलमधून आवाज यायचा, "अगं, तुझा कुकर ओरडतोय." वरण-भात दोघांचा, कुकर मात्र माझा.

तर असल्या माणसाने ते मशीन मागवलं आणि इंदूरजवळच्या राऊ गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये थेट माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. स्टीलचा उंच ड्रम, तळाला हीटर, बाजूला पंप, पुढे छोटा स्क्रीन. त्यात पाणी भरायचं, आतल्या जाळीच्या डब्यात भरडलेलं मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, ओतायचे आणि बटण दाबायचं. पाणी किती तापवायचं, किती वेळ तेवढंच ठेवायचं, उकळी कधी आणायची, सगळं मशीनच बघतं. कडवटपणासाठी हॉप्स टाकायची वेळ झाली की पीं पीं करून साहेबांना बोलावतं.

"ऑल-इन-वन आहे," हे त्याचे फोटो काढत कौतुकाने म्हणाले.

"मीही तीच आहे," मी म्हटलं, "पण माझा असा चारी बाजूंनी फोटो नाही काढलात कधी."

असलं घरी करणं कायद्यात बसतं का, असंही विचारलं. तर "पर्सनल यूज" म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

सकाळी पोहे-जलेबी खाऊन जे मशीनसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे ते दुपार उलटेपर्यंत. ऑटोमॅटिक आहे तर बसता कशाला, विचारलं तर म्हणे मॉनिटर करावं लागतं. पस्तीस वर्षं मी दूध मॉनिटर करत आले, मला कोणी खुर्ची दिली नाही. आणि धुणं काय विचारता. ड्रम, नळ्या, गार करायचं ते तांब्याचं वेटोळं, सगळं जंतू मारायच्या औषधाच्या पाण्याने दोनदोनदा धुवायचे, हाताचा वास घेऊन बघायचे. त्याच सिंकमध्ये त्यांचा स्वतःचा चहाचा कप सकाळपासून पडलेला असायचा. तो त्यांना कधी दिसला नाही.

जवाचा चोथा मात्र माझ्या वाट्याला. आमच्या इंदूरात कचरागाडीचं प्रकरण मोठं कडक. ओलं-सुकं वेगळं नसेल तर सगळ्या बिल्डिंगसमोर शोभा होते. मी ती गरम, ओथंबलेली बाल्टी घेऊन खाली गेले तर गाडीवाला आत डोकावून म्हणाला, "दीदी, घर में शादी है क्या? इतना दलिया फेंक रहे हो."

"हाँ भिया," मी म्हटलं, "साहब की है. मशीन के साथ."

बिअर तयार झाली की ह्यांचे कारखान्यातले एक जुने मित्र यायचे. प्लेटभर सेव, वर जीरावन मसाला, आणि हातात फेसाळलेले ग्लास. मित्र पहिला घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "भिया, एकदम बाहर जैसी." दुसरा ग्लास त्यांनी कधी मागितला नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी एकदा बोट बुडवून चाटून पाहिली. भिजलेल्या गोणपाटाला कडुनिंब चोळावा तशी चव. आणि हे खुर्चीत मागे रेलून म्हणतात, "मी बनवली." तुम्ही बटण दाबलंत हो. तेवढं तर मी लिफ्टमध्येही करते, पण वर पोचल्यावर पायऱ्या चढून आले असं सांगत सुटत नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण नागपूरला आमची मुलगी गरोदर होती.

एकुलती एक मुलगी. तिला सासू नाही. डॉक्टरांनी प्रवास करायचा नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणजे बाळंतपणाला ती इकडे येऊ शकत नव्हती. फोनवर म्हणाली, "आई, तू दोन महिने ये ना. मला भीती वाटते." मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की फोन ठेवल्याबरोबर मी बॅग खाली काढली.

ह्यांनी बॅगेकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि माझ्या जेवणाचं काय?"

मी म्हटलं, अहो, इंदूरात राहता. इथे सकाळी पोह्यांपासून रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीपर्यंत माणूस चूल न पेटवता जगतो. तर म्हणे रोज बाहेरचं सोसत नाही. मग डब्बा लावा. डब्ब्याला तेल फार. मग तुम्हीही चला नागपूरला. तर म्हणे, "मी कसा येणार? बॅच लावायची आहे. बारशाला आपल्या घरची बिअर नेऊ. जावई घेतात ना."

बारशाला बिअर. मी कपाळाला हात लावला. पण वाद घालायची सवय कधी लागलीच नव्हती, म्हणून मी माघार घेतली. आठ दिवसांचं परतीचं तिकीट काढलं. मुलीला सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि लगेच फोन ठेवला. ते "बरं" माझ्या जिवाला लागलं.

निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी बारशाची बॅच उघडली. मित्र हजर होतेच. त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "भिया, ये तो छाछ हो गई."

खरंच आंबट झाली होती. हे आठवत बसले, कारखान्यात मशीन बंद पडल्यावर चौकशी लावावी तसे. ड्रम धुतला होता, बाल्टी धुतली होती, नळी धुतली होती. मग त्यांची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. तिथे माझा दह्याचा डाव लटकतो. त्यांचा स्वतःचा चमचा औषधाच्या पाण्यात भिजत पडला होता, म्हणून गार झालेल्या जवाच्या रसात यीस्ट ढवळायला त्यांनी हात लांबवून तोच डाव घेतला होता. एवढे दिवस औषधाने बोटं सोलवटून घेतली आणि शेवटी दह्यानेच ढवळलं. मला हसू फुटलं.

"हसतेस काय? दह्याचा डाव इथे ठेवतेस कशाला?" हे मित्रासमोर म्हणाले. "आजपासून या किचनमध्ये दही लागणार नाही. ते दही-बिही बंद."

तेव्हा माझं हसू गेलं. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात एक दिवस विरजण चुकलेलं नाही. मुलगी त्या दहीभातावर वाढली. आणि आता ज्याने कधी दुधाखालचा गॅस बंद केला नाही तो माणूस मला दही बंद करायला सांगत होता. संताप आला. माझ्या अंगात संताप फार उशिरा येतो, पण आला की जात नाही.

मी दह्याचं भांडं घासलं. डाव बॅगेत टाकला. फोनवरून परतीचं तिकीट रद्द केलं.

"घ्या," मी म्हटलं, "आता किचन स्वच्छ आहे. दही नाही, डाव नाही आणि उद्यापासून मीही नाही."

"मग येणार कधी?"

"मशीन पीं पीं करेल तेव्हा," मी म्हटलं.

नागपूरला नात झाली. ह्यांचे रोज फोन. खिचडीला पाणी किती? मी म्हणायचे अंदाजाने. अंदाज म्हणजे किती लिटर? एकदा तर डाळ-तांदूळ त्या मशीनमध्ये घातले आणि सहासष्ट डिग्रीला ठेवले, कारण प्रोग्रॅम तेवढाच लावलेला. तांदूळ कच्चे राहिले, अशी माझ्याकडे तक्रार. नात कशी आहे हे फोन ठेवता ठेवता विचारायचे. मी परत गेले नाही. मुलीला म्हणायचे, तू नशीब काढलंस बाई. आमचे जावई घरूनच काम करतात, गोड बोलतात, हिच्या पाठीला उशा लावतात. मी परत गेले तरी हिची काळजी नाही, असं मला वाटत होतं.

एक दिवस दुपारी मी पाय पसरून बाळाला पायांवर घेतलं होतं, तेल लावत होते. मुलगी शेजारी पडली होती. स्वैपाकघरात कुकर होता. एक शिट्टी झाली, दुसरी झाली. हॉलमधून जावयांचा गोड आवाज आला.

"आई, तुमचा कुकर ओरडतोय."

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती. मग पोटावरच्या टाक्यांवर हात धरून ती उठायला लागली. मी तेलकट हाताने तिचा गुडघा दाबला. "पडून राहा," मी म्हटलं.

तिसरी शिट्टी झाली. "आई?" चौथी झाली. मी बाळाच्या पोटऱ्या चोळत राहिले. शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं स्वैपाकघरात गेली आणि थोड्या वेळाने तिथून विचारणा झाली, "गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा?"

"दोन्हीकडे फिरवून बघा," मी म्हटलं. "एका बाजूला बंद होतो."